चढाला तापणारी मोटर

माझ्या वडिलांच्या सायकलची मोटर चढाला तापते, हे आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळ्यांना माहीत होतं. ती तापू नये असं काहीतरी करायचं मी मनावर घेतलंय, हेही सगळ्यांना माहीत होतं, कारण ते मीच जिन्यात सांगितलं होतं. घरात एखादं काम काढायचं असेल तर त्याबद्दल जिन्यात बोलू नये, एवढा धडा मी या प्रकरणातून घेतला. बाकी त्यातून घेण्यासारखं काही नाही. नुसतं वाईट वाटण्यासारखं आहे.

माझे वडील आकाराम, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. फौजेतून सुभेदार होऊन आले, कोरेगावकडच्या शेतात बरीच वर्षं राबले, आणि आई गेल्यावर साताऱ्यात आमच्याकडे राहायला आले. शहरात त्यांना करमत नाही. ते तसं बोलून दाखवत नाहीत. गॅलरीत बसून खालच्या रस्त्याकडे बघतात आणि "हितं समदी माणसं लय घाईत असत्यात" एवढंच म्हणतात. त्यांच्या दिवसात जीव होता तो फक्त संध्याकाळी. संध्याकाळी विजेवरची सायकल काढायची, उताराने राजवाड्यापर्यंत जायचं, तंबाखूची पुडी घ्यायची आणि परत यायचं. जाताना उतार आणि येताना समर्थ मंदिराचा चढ. त्या चढाच्या मध्यावर मोटर तापून बंद पडायची. बरोबर तिथंच हुसेनभाई गादीवाल्यांचं दुकान आहे. आप्पा सायकल पायरीशी लावायचे, मोटर निवेपर्यंत आत नमुन्याच्या गादीवर बसायचे, चहा व्हायचा, आणि दिवे लागायच्या सुमाराला घरी यायचे. आल्यावर माझ्या बायकोला, संयोगिताला, रोज एकच बातमी द्यायचे, "तापली बग आजबी."

मला ते लागायचं. ज्या माणसाने सीमेवर बर्फातून गाड्या काढल्या, त्याने म्हातारपणी भर रस्त्यात एका चाकाची मर्जी सांभाळत बसायचं. शिवाय शाळेत पालक भेटले की म्हणायचे, "सर, तुमचे वडील बसले होते चढाला, गाडी बंद पडली होती वाटतं." मी आठवीला विज्ञान शिकवतो. बारीक वायरीतून जास्त वीज गेली की ती तापते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि परीक्षेत दोन गुणांना विचारतो. अशा माणसाच्या घरातली मोटर रोज चौकात तापत असेल तर लोक काय म्हणत असतील, हा विचार मला जेवताना यायचा. तर, आप्पांची संध्याकाळ एकदाची बिनखोळंब्याची करायची, असं मी ठरवलं.

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरच्या ऋषिराजचा. तो पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून करतो, म्हणजे दिवसभर व्हिडिओ बघतो असा माझा समज आहे.

"सर, मोटर दणकट आहे," तो म्हणाला. "लोचा आतल्या वायरींचा आहे. कंपनीवाले बारीक वायरी घालतात. चढाला करंट वाढला की त्या तापतात आणि गाडी आपोआप बंद होते. वायरी जाड घाला. घाट चढेल."

ज्यांनी अशी सायकल बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या चाकाच्या मधोमध पितळी डब्याएवढा एक गोल गड्डा असतो, तीच मोटर. चाकाचा आस पोकळ असतो आणि त्यातून आत वायरींची जुडी जाते. तीन वायरी जरा जाड असतात, त्या वीज नेतात. बाकीच्या बारीक, त्या चाक कुठपर्यंत फिरलंय ते सांगतात. ही जुडी काढायची आणि तिच्या जागी जाड जुडी घालायची, एवढंच काम. मीसुद्धा तेव्हा "एवढंच" हा शब्द वापरला होता.

खालच्या मजल्यावरच्या राजेश्वरीवहिनींनी मात्र वेगळीच शंका काढली. विजेच्या गाडीत आतून काही बदल केला की सरकारी परवानगी लागते, असं त्यांच्या भाच्याने सांगितलं होतं. मी शिक्षक आहे. नियम न पाळणं माझ्या स्वभावात नाही, आणि पाळतोय हे चारचौघांना दिसलेलं मला आवडतं. मी अर्धी रजा टाकून वाहनांच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी गाडीचा नंबर विचारला. नंबर नाही, सायकल आहे, म्हणालो. मग आमच्याकडे कशाला आलात, म्हणाले. मी म्हणालो, परवानगी लागत नाही एवढं लिहून द्या, म्हणजे झालं. त्यांनी चष्मा काढला आणि अतिशय सौम्यपणे मला समजावलं की, ज्या गोष्टीला परवानगी लागत नाही, तिला ती लागत नाही असं लिहून द्यायचं झालं तर त्यासाठी वरून परवानगी आणावी लागते. मला ते पटलं. असे लोक शिक्षणखात्यातही आहेत.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये चाक काढलं. मदतीला ऋषिराज, बघायला बाकीचे सगळे. आप्पा पायरीवर बसले होते. झाकणाचे स्क्रू गंजलेले निघाले. ते निघाल्यावर आतला भाग बाहेर येईना, कारण भोवती लोहचुंबक असतात आणि ते त्याला धरून ठेवतात. मी गुडघा लावून ओढला. तो निघाला, आणि मी निःश्वास सोडायच्या आत पुन्हा खाडकन आत गेला. या खेपेस मधे माझं बोट होतं. नख काळं झालं. लोहचुंबकाचे गुणधर्म मी सहावीलाही शिकवत असे, हे त्या वेळी राजेश्वरीवहिनींनी सगळ्यांना सांगायची काही गरज नव्हती.

जुनी जुडी कापून टाकली. कापल्यावर लक्षात आलं की नवी जुडी आसाच्या भोकातून जात नाही. ज्या क्रमाने मी हे केलं तो क्रम चुकला असं आता कुणीही म्हणेल. मग वरचं जाड आवरण सोलून एकेक वायर ओढून घेतली, तेल लावून, साबण लावून, शेवटी संयोगिताचं पावडरचं डबडं रिकामं करून. दुसरी अडचण रंगाची. आतल्या वायरी पिवळ्या, हिरव्या, निळ्या अशा असतात. बाजारात त्या जाडीची वायर फक्त लाल रंगात मिळाली होती. मी प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. तेल, साबण आणि पावडर यांतून बाहेर येईपर्यंत दोरे कुठल्या कुठे गेले होते. आता माझ्या हातात जुडीभर लाल वायरी होत्या आणि समोर सगळं अपार्टमेंट होतं. मी विचार केल्यासारखा चेहरा करून अंदाजाने जोडत गेलो.

चाक बसवलं, सायकल स्टँडवर उभी केली आणि हँडलवरची वीज सोडायची मूठ पिळली. चाक फिरलं, अगदी सुरेख, आवाजसुद्धा नाही. फक्त ते उलटं फिरत होतं.

नेमका त्याच दिवशी माझा चुलतभाऊ गुंडा कोरेगावहून गूळ घेऊन आला होता. त्याने पिशवी खाली ठेवली, चाकाकडे बघितलं आणि हसला.

"आरं, तीन फेज हाय न्हवं? मग त्यात काय हाय एवढं? दोन वायरी अदलाबदल कर. आमची हिरीवरची मोटर लाइनवाल्यानं खांबावर काय केलं की उलटी फिरती. दोन वायरी बदलल्या की सुलटी."

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, उलटी मोटर सुलटी कशी करायची. तो डोळे मिटूनच सांगेल, दोन वायरी बदला. आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही. ज्याचा मळा आहे त्याला माहीत असतं, ज्याने मळा विकला त्यालाही माहीत असतं, आणि ज्याच्या आजोबांचा मळा होता तो पुण्याच्या कंपनीत असला तरी त्याच्या रक्तात ते असतं. गुंडा बोलला आणि सगळ्या पार्किंगने मान डोलावली. ऋषिराजनेही डोलावली. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त कारकून तर म्हणाले की ते हेच सांगणार होते. मला पदवी आहे, पण मीही त्याच मातीतला. मीही डोलावली.

विहिरीवरच्या मोटरीत त्या बारीक, चाक कुठं आहे ते सांगणाऱ्या वायरी नसतात, आणि इथं जाड वायरी बदलल्या तर त्यांचाही क्रम बदलावा लागतो, हे त्या वेळी कुणाच्याही मनात आलं नाही. मी तीनपैकी दोन जाड वायरी बदलल्या आणि मूठ पिळली. चाक पुढे गेलं नाही आणि मागेही गेलं नाही. जागच्या जागी थरथरलं, घशातून गुरगुरल्यासारखा आवाज केला. "जरा जोरात दे," गुंडा म्हणाला. मी जोरात दिली. मग तो वास आला. मोटर जळाल्याचा वास या दोन जिल्ह्यांत कुणाला ओळखू येत नाही असं होत नाही. एकेक जण जिन्याने वर जायला लागला.

"जळली," गुंडा म्हणाला. "आता भराय टाकाय पायजे." आणि शेवटच्या गाडीला उशीर होईल म्हणून निघाला. कोरेगावला शेवटची गाडी रात्री असते. तेव्हा दुपार होती.

आप्पा पायरीवरून उठले, चाकाजवळ आले, वाकून वास घेतला. ते मला काही टाकून बोलले असते तर बरं झालं असतं.

"तशी चालत हुती की रं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फार लहान होता.

मोटर भरणे म्हणजे जळकी तार काढून नवी तार गुंडाळणे. साताऱ्यात ज्यांना विचारलं त्यांनी एवढी लहान मोटर घ्यायला नकार दिला. संयोगिता सांगलीची. तिला अशा वेळी माहेरचा अभिमान चढतो. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागे तानाजी म्हणून वाइंडर आहे, तिच्या माहेरच्या तीन पिढ्यांच्या मोटरी त्याच्याच घराण्याने भरल्यात, त्याला जमणार नाही असं काही नाही, असं ती म्हणाली. मी चाक पोत्यात घालून बसमध्ये चढलो.

कंडक्टरने पोत्याला हात लावला. "काय हाय?"

"चाक आहे."

"गाडी कुटं हाय?"

"घरी."

चाकाचं तिकीट सामानात धरायचं की सुट्या भागात, यावर त्याने ड्रायव्हरशी चर्चा केली. शेजारच्या आजींनी विचारलं, पंक्चर काढायला एवढ्या लांब चालला का. कराडपर्यंत मी त्यांना समजावलं. कराड सोडल्यावर त्यांनी मागच्या सीटवरच्या बाईला सांगितलं, साताऱ्यात पंक्चर काढत न्हाईत वाटतं आता. पुढे इस्लामपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो.

तानाजीच्या शेडमध्ये मोटरी हारीने पडल्या होत्या, प्रत्येकीला गावाच्या नावाची चिठ्ठी. त्याने पोतं उघडलं आणि माझ्या मोटरीकडे बघून तोंडावर हात धरला.

"ही मोटर हाय व्हय," तो म्हणाला. "बरं, ठेवा. पर आवं सर, ऊस वाळतोय लोकांचा. आदी त्यांच्या मोटरी भरतो. तुमची ही मदनंच कवातरी बसवतो."

उसापुढे माझं काय चालणार. तारही जाड घाला आणि आसातून येणाऱ्या वायरीही नीट जाड घाला, एवढं सांगून मी परत आलो. त्यानंतर मी शाळेच्या मधल्या सुट्टीत त्याला फोन करायचो. पहिल्यांदा मोटर हातात घेतलेली नव्हती. मग हातात घेतली होती पण बोअरची एक मोटर मधेच आली होती. मग भरून झाली होती, पण वार्निश वाळायचं होतं. भरलेली मोटर वार्निशमध्ये बुडवतात, आणि ते वाळायला लागतं, हे खरंच आहे. पण तानाजीचं वार्निश ज्या चिकाटीने ओलं राहिलं त्याची नोंद व्हायला हवी होती. "आभाळ हाय सर," तो म्हणायचा. साताऱ्यात त्या वेळी डोकं फुटेल असं ऊन होतं.

इकडे आप्पांची संध्याकाळ गेली ती गेलीच. आधी ते रोज विचारायचे, "आली का मोटार?" मी वार्निशचं सांगायचो. ते मान हलवून गॅलरीत जायचे. मी म्हणालो, स्कूटरवर मागे बसा, मी राजवाड्यावर नेऊन आणतो. "मागं बसून?" ते म्हणाले. "मी काय सामान हाय व्हय?" चालत जायला गुडघे साथ देत नव्हते. उतार जमला असता, चढ नाही. तंबाखू मी आणून द्यायला लागलो. ती ते न उघडता खिडकीत ठेवायचे. जेवण कमी झालं. दुपारी झोपायला लागले, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

एकदा संयोगिता म्हणाली, "आप्पा, मी रिक्षानं हुसेनभाईंकडे सोडते. बसा घटकाभर, येताना घेऊन येते."

"कशापायी?" आप्पा म्हणाले. "त्यो मानूस धंदा करतोय. बिनकामाचं जाऊन बसाय त्यो काय गावचा पार हाय?"

आप्पांचा हा नियमच आहे. काम असल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. लग्नाला गेले तरी पंगतीत वाढायला उभे राहतात, नुसते बसत नाहीत. संयोगिता माझ्याकडे बघत राहिली. मी आठवीच्या वह्या तपासत होतो.

चढावर हुसेनभाई मला थांबवून विचारायचे. "सर, आप्पासाब दिसत न्हाईत. तब्येत बरी हाय न्हवं?"

"तब्येत उत्तम. मोटरचं काम चाललंय. आतल्या वायरी बदलतोय. आता त्यांना तुमच्याकडे थांबायची वेळच येणार नाही बघा."

"व्हय का," हुसेनभाई म्हणाले. हातातली सुई गादीत तशीच राहिली. "बरं झालं की मग."

मला वाटलं, माणसाला विज्ञानाचं कौतुक नसतं.

अखेर वार्निश वाळलं. मी रजा टाकून सांगलीला गेलो. तानाजीने वायरी कशा लावल्या ते विचारलं तर म्हणाला, "लावून लावून बगितल्या. कंटाळून सोडणार हुतो, तवर एकदाची सुलटी फिरली. आता हात लावू नका." पण काम सुंदर झालं होतं. साताऱ्यात आल्यावर मी स्वतः सायकल घेऊन चढाला लागलो. हुसेनभाईंचं दुकान आलं आणि मागे गेलं. मोटर कण्हली नाही, थकली नाही. वर बोगद्याच्या वळणाला पोचलो आणि वाकून हात लावला. मोटर थंड होती. अनेक दिवसांनी मला जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा निघाले. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. मी गॅलरीत उभा राहिलो. ते गेले तसे आले, उजेड असतानाच.

"लवकर आलात."

"व्हय. मदी थांबायचं काय कारनच पडलं न्हाई," आप्पा म्हणाले, आणि सदरा काढून खुंटीला लावला.

तो दिवस माझा होता. मी जिन्यात दोन मजले थांबत थांबत उतरलो, जो भेटेल त्याला सांगत. काही दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी आप्पांना घरी यायला पुन्हा दिवे लागायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. मला बरं वाटायला हवं होतं, कारण ते आल्यावर दोन भाकरी खात होते आणि संयोगिताशी हुसेनभाईंच्या नातीच्या शाळेबद्दल बोलत होते. पण मला ऋषिराज जिन्यात भेटला.

"सर, एवढं करून परत तेच ना," तो म्हणाला. "काका बसले होते गादीवाल्याकडे. म्हणाले, मोटर तापली."

तासाभरात ही बातमी खालपर्यंत गेली असणार. राजेश्वरीवहिनी म्हणाल्या की बाहेरचं काम ते बाहेरचंच, कंपनीचं ते कंपनीचं. निवृत्त कारकून म्हणाले की त्यांना पहिल्यापासूनच शंका होती. मी तानाजीला फोन केला. तो दुखावला. "सर, ती मोटर तापायची न्हाई," म्हणाला. "तापली तर म्या धंदा सोडीन." आता माझ्याबरोबर तानाजीच्या घराण्याचीही अब्रू टांगली होती.

पुढच्या संध्याकाळी मी ऋषिराजला साक्षीला बरोबर घेतलं आणि चढ उतरून दुकानाशी आलो. आप्पा नुकतेच येऊन बसले होते. चहा अजून आलेला नव्हता. हुसेनभाई समोर एका गादीला टाके घालत होते. दोघं काही बोलत नव्हते. एक बाई कोपऱ्यात उशा दाबून बघत होती. सायकल पायरीशी उभी होती.

"काय झालं आप्पा?"

"तापली," आप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले.

मी वाकून मोटरवर हात ठेवला. माठाला हात लावावा तशी थंड.

"आप्पा, ही तापलेली नाही."

"निवली असंल."

"एवढ्यात निवत नाही. आत तांबं आहे, लोखंड आहे, त्याला निवायला वेळ लागतो." माझा आवाज वर्गातला झाला होता. "ऋषिराज, तू लाव हात. सांग सगळ्यांना. हुसेनभाई, तुम्हीही या, लावा."

हुसेनभाई उठले नाहीत. "ऱ्हाऊ द्या की सर," ते हळूच म्हणाले.

"राहू द्या कसं? तापते, तापते म्हणून गावभर झालंय. एकदा खात्री होऊ दे."

ऋषिराजने हात लावला आणि थंड आहे म्हणाला. कुणी न सांगता उशीवाल्या बाईनेही लावला. "गारगार हाय की वो," ती म्हणाली. मी सगळ्यांकडे बघितलं. आप्पा उठले होते. पँटला लागलेला कापूस ते बोटांनी काढत होते, एकेक तंतू, खाली मान घालून.

"व्हय," ते म्हणाले. "थंड हाय." मग हुसेनभाईंना म्हणाले, "येतो."

हुसेनभाईंनी सलामासाठी हात कपाळाशी नेला. आप्पा सायकलवर बसले आणि न थांबता चढ चढून गेले. मोटरीचा आवाजसुद्धा आला नाही.

मी घरी येईपर्यंत फार खुशीत होतो, हे सांगायला हवं. जिन्यात ऋषिराजने साक्ष दिली, वहिनींनी ऐकली. घरात शिरून मी संयोगिताला सगळं रंगवून सांगितलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"तुम्ही हात कशाला लावलात?" ती म्हणाली.

मी तांबं आणि लोखंडाचं सांगायला सुरुवात केली, आणि अर्ध्या वाक्यात मला कळलं. इतका वेळ जे सगळ्यांना कळलं होतं, ऋषिराज आणि उशीवाली बाई सोडून, ते मला कळलं. मी खाली बसलो. मला आप्पांसमोर जायची लाज वाटली.

दुसऱ्या संध्याकाळी आप्पा गेले नाहीत. तंबाखू हाय अजून, म्हणाले. नंतर म्हणाले, सोडली. मी म्हणालो, आप्पा, उगीच जाऊन या, बसा हुसेनभाईंकडे, त्यांनाही बरं वाटतं. "उगीच?" ते म्हणाले, आणि खुर्ची रस्त्याकडे वळवली. हुसेनभाईंनी निरोप पाठवला की जुन्या गाद्या पिंजून भरायच्या असतील तर आप्पासाबांना दाखवायला पाठवा. आप्पांनी निरोप ऐकला. गाद्या बऱ्या हायत, म्हणाले. हुसेनभाई स्वतः घरी आले असते, पण दम्याने त्यांना हा चढ चढवत नाही.

मग मी तो उद्योग केला, जो करताना मला शाळेच्या निम्म्या पालकांनी बघितलं. कॅरियरवर तांदळाचं पोतं बांधलं, मागचा ब्रेक दाबून धरला आणि सायकल चढाला घातली. खाली गेलो, पुन्हा वर आलो. "सर, ब्रेक लागलाय तुमचा," एक जण ओरडून सांगत होता. मोटर खरोखर तापावी, एवढंच मला हवं होतं. ब्रेकचं रबर जळालं, पण मोटर काही केल्या तापेना. मी तानाजीला फोन करून विचारलं, जुन्या बारीक वायरी परत घालता येतील का.

"चांगली चालतीया न्हवं?" त्याने विचारलं.

"चालते."

"मग कशापायी?"

मी फोन ठेवला.

काल संध्याकाळी मी सायकल पुसून, जिन्याने उचलून वर आमच्या दारात आणली. आप्पा गॅलरीत होते. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला खोटं बोलायचं तर आधी वाक्य जुळवावं लागतं.

"आप्पा," मी म्हणालो, "मोटर तापतेय हो परत. मी आत्ताच बघितलं. चढाला मधे थांबावं लागेल असं वाटतंय."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीच्या हाताला धरून उठले, दारापर्यंत आले, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकले आणि मोटरवर तळवा टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"न्हाई रं," ते म्हणाले. "थंडच हाय. लय चांगलं काम केलंस."

आणि भिंतीला धरत धरत परत गॅलरीत गेले.